औषधांचा डबा उपसताना

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या भांड्यांबरोबर औषधांचा डबाही खाली येतो आणि ‘याचं आता करायचं काय?’ अशी पत्रं आमच्याकडे येऊ लागतात. यंदाच्या निवडक पत्रांना औषधनिर्माण आणि घनकचरा या दोन्ही क्षेत्रांतल्या सल्लागारांनी मिळून उत्तरं दिली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : सासू-सासऱ्यांची, मुलांची आणि आमची मिळून बिस्किटांचा मोठा डबा भरून औषधं साठली आहेत. निम्म्यांवर तारीखच दिसत नाही. ठेवायचं काय, टाकायचं काय आणि टाकायचं तर कसं? – गृहिणी, डोंबिवली

उत्तर : डबा जमिनीवर उपडा करू नका. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरा आणि लहान मुलं घरात नसताना दिवसाउजेडी बसा. एखादी गोळी घरंगळून कपाटाखाली गेली, तर ती रांगत्या बाळाला तुमच्या आधी सापडते.

मग ढीग करा. मुदत शिल्लक आहे, वेष्टन शाबूत आहे आणि घरात कुणाला तरी ते औषध सध्या चालू आहे, असं सगळं एका बाजूला. हा ढीग बहुतेक घरांत सगळ्यात लहान निघतो. दुसऱ्या ढिगात साध्या गोळ्या आणि कॅप्सूल, तिसऱ्यात सिरप, थेंब, मलमं. टोचणारं, फुटणारं किंवा दाबाखालचं, म्हणजे सुया, काचेच्या कुप्या, इनहेलर, थर्मामीटर हे चौथ्यात. कॅन्सरच्या गोळ्या, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, त्वचेवर चिकटवायचे पॅच आणि झोपेच्या गोळ्या पाचव्यात. चौथ्या आणि पाचव्या ढिगाबद्दल पुढच्या उत्तरांत सविस्तर आहे.

नाव किंवा मुदत यांपैकी एकही वाचता येत नसेल, तर ते औषध बाद. रंगरूपावरून ओळखायला जाऊ नका. पांढऱ्या गोल गोळीत पॅरासिटामॉल असतं, थायरॉईडचं औषध असतं आणि साखर उतरवणारंही असतं.

छापील मुदत शिल्लक असली तरी काही औषधं बाद होतात, कारण ती मुदत बंद वेष्टनासाठी असते. डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून साधारण चार आठवडे. पाणी घालून केलेलं मुलांचं अँटिबायोटिक सिरप फ्रिजमध्ये ठेवूनही बहुधा सात दिवस. नेमका आकडा लेबलवर असतो. पाण्यात विरघळवलेलं ओआरएस २४ तासांनंतर ओतून द्यायचं. इन्सुलिनची वापरात घेतलेली बाटली बहुतेक प्रकारांत २८ दिवस. म्हणूनच बूच उघडलं की लेबलवर पेनाने तारीख टाकायची सवय लावा. अ‍ॅस्पिरिनची पट्टी नाकाशी धरून पाहा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ओलाव्याने गोळी विघटित होऊ लागली आहे. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या, गोळीवर ठिपके उठले, मलमातून तेल सुटलं, तरी औषध टाकून द्यायचं. ओट्याच्या वरचं कपाट आणि न्हाणीघर या औषधांसाठी घरातल्या सगळ्यात वाईट जागा, आणि नेमका डबा तिथेच असतो.

आता दुसरा ढीग. तुमच्या भागात घातक कचरा वेगळा उचलत असतील, तर गोळ्या पट्टीतून काढू नका. कात्रीने पट्टीवरचं नाव आणि तारीख उभी कापा आणि सगळं एका पिशवीत बांधून द्या. तारीख कापायची ती यासाठी, की कचऱ्यातून उचललेली अखंड पट्टी कुणी पुन्हा विकू नये. वेगळा उचलत नसतील, तर गोळ्या पट्टीतून काढा आणि झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका. गोळ्यांच्या दुप्पट तरी चहाचा चोथा, माती किंवा राख घाला, चिखल होईल इतपत पाणी घाला आणि हलवा. उद्देश एवढाच, की ते कुणाला उचलून खावंसं वाटू नये. गोळ्या कुटायच्या नाहीत. पूड उडून नाकातोंडात जाते. झाकणावर चिकटपट्टी लावा, वर्तमानपत्रात गुंडाळा, लाल पेनाने ‘मुदत संपलेली औषधे’ लिहा. सिरपच्या बाटलीतच भुसा किंवा माती भरून ते शोषून घेता येतं. बाटली मोरीत रिकामी करायची नाही. मलमाची ट्यूब तशीच, झाकण लावून पिशवीत.

एक मात्र लक्षात ठेवा. बरणीत चहाचा चोथा आहे म्हणून ती ओल्या कचऱ्यात जात नाही. ओला कचरा सोसायटीच्या खतखड्ड्यात किंवा बायोगॅसला जातो आणि ही दोन्ही कामं जिवाणू करतात. त्यांच्यावर अँटिबायोटिक ओतणं म्हणजे खड्डा बंद पाडण्याची तयारी. बरणी कायम वेगळी द्यायची. रिकाम्या पट्ट्या सुक्यात.

प्रश्न : पट्टीवर ‘०३/२०२६’ लिहिलं असेल, तर गोळी १ मार्चपासून बाद की ३१ पासून? आणि मुदत उलटून दोन महिने झाले तर खरंच विष होतं का? – वाचक, सांगली

उत्तर : आपल्या औषध नियमांप्रमाणे महिना आणि वर्ष दिलं असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. म्हणजे ३१ मार्चपर्यंत.

विष होण्याची भीती बहुतेक औषधांच्या बाबतीत अवास्तव आहे. जुन्या, खराब झालेल्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी १९६०च्या दशकातल्या आहेत, पण तो अपवाद. खरा धोका औषध उणं पडण्याचा. अमेरिकी लष्कराच्या साठ्यातल्या औषधांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतली बरीचशी मुदतीनंतर कितीतरी वर्षं चांगली निघाली. समाजमाध्यमांवर हे वाक्य फिरतं. त्यातला अर्धा भाग मात्र गळतो : तो साठा कारखान्यातल्या बंद वेष्टनात आणि ठरावीक तापमानात ठेवलेला होता. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या फडताळात राहिलेल्या पट्टीला तो हिशेब लागू होत नाही.

तेव्हा घरात तारीख पाळा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, इन्सुलिन, फिटचं औषध, थायरॉईडची गोळी, गर्भनिरोधक, डोळ्यांचे थेंब, पातळ अँटिबायोटिक यांत एक दिवसाचीही सवलत घेऊ नका. हृदयरुग्णाच्या खिशातली जिभेखालची गोळी तर दर महिन्याला तपासावी. खिशातल्या उबेने आणि घामाने ती डब्यातल्या गोळीच्या कितीतरी आधी उतरते.

सुट्या गोळ्या घेताना मेडिकलवाला पट्टी तारखेच्या बाजूने कापतो आणि तारीख दुकानात राहते. ‘दुसऱ्या बाजूने कापा’ हे सांगायला लाजू नका. आधीच कापलेलीच देत असेल, तर बिलावरची मुदत पाहा आणि बिल पट्टीला रबराने बांधून ठेवा.

प्रश्न : मेडिकलवाला जुनी औषधं परत घेत नाही, घंटागाडीवाला म्हणतो ‘टाका सुक्यात’. कायद्याने ही जबाबदारी नक्की कुणाची? – निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी मुदत संपलेली औषधं, वापरलेल्या सुया, तुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, बॅटऱ्या, ट्यूबलाइट हे सगळं ‘घरगुती घातक कचरा’ या नावाखाली ओल्या-सुक्यापासून वेगळं काढलं. असा कचरा घेण्यासाठी शहरात दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उभारायचं आणि त्याच्या वेळा जाहीर करायच्या, ही स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरवली. कागदावर चोख होतं. १ एप्रिल २०२६पासून त्यांच्या जागी नवे नियम आले आहेत, आणि त्यांत या गटाला ‘विशेष काळजीचा कचरा’ म्हणतात. प्रत्यक्षात अनेक गावांत ते केंद्र कुठे आहे, हे कार्यालयातल्या माणसालाही ठाऊक नसतं. नगरपालिकेच्या आरोग्य किंवा घनकचरा विभागाला लेखी विचारा आणि अर्जात ‘विशेष काळजीचा (घरगुती घातक) कचरा संकलन केंद्र’ हेच शब्द वापरा. ‘जुनी औषधं कुठे टाकू?’ असं तोंडी विचारलं की सुक्यातच पाठवतात.

मुंबईत महापालिकेने २०२५मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी वेगळी सेवा सुरू केली. सोसायटीने नोंदणी केली की गाडी येते, आणि मुदत संपलेली औषधं त्यात धरलेली आहेत. पुण्यात कचरावेचकांनी रूढ केलेली खूण म्हणजे कागदात गुंडाळलेल्या पुडक्यावर लाल ठिपका. ती मुळात सॅनिटरी कचऱ्यासाठी आहे, पण ‘हे हाताने उघडू नका’ हा निरोप ती औषधांच्या पुडक्यावरही देते. केरळ या बाबतीत आपल्या पुढे आहे. तिथल्या औषध नियंत्रण विभागाने २०२५मध्ये ‘एनप्राउड’ या नावाने निळ्या पेट्या ठेवून आणि घरोघरी फिरून जुनी औषधं गोळा करायला कोझिकोडपासून सुरुवात केली.

मेडिकलवाल्याला मात्र दोष देऊ नका. त्याच्या फडताळावर मुदत संपलेला, न विकलेला माल तो वितरकाकडे ठरल्या मुदतीत परत करतो आणि त्याचे पैसे वळते होतात. तुमच्या घरी जाऊन आलेली पट्टी कोणत्या तापमानात राहिली, हे त्याला माहीत नसतं. ती वितरकही घेत नाही. वर तपासणीच्या वेळी दुकानात असा माल सापडला, तर खुलासा त्यालाच द्यावा लागतो. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५च्या मार्गदर्शिकेत राज्यांनी आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी मिळून जुनी औषधं परत घेण्याची केंद्रं उघडावीत असं सुचवलं आहे. तशी पेटी दुकानात आली, तर ती कुलूपबंद आणि फक्त आत टाकता येईल अशा फटीची असायला हवी.

प्रश्न : ‘जुनी औषधं संडासात टाकून फ्लश करा, असं सरकारनेच सांगितलंय’ असा निरोप आमच्या ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का? – वाचक, नाशिक

उत्तर : अर्धवट आहे, आणि म्हणून घातक आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या त्याच २०२५च्या मार्गदर्शिकेत फ्लश करण्याजोग्या १७ औषधांची यादी आहे. बाकी कुठलंही औषध फ्लश करायचं नाही. यादीत फेंटानिल, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, टॅपेंटाडॉल, ट्रॅमाडॉल अशी तीव्र वेदनाशामकं मुख्यतः आहेत. त्यांच्यासोबत डायझेपाम, मेथिलफेनिडेट आणि सोडियम ऑक्सिबेट. एकाच औषधाची वेगवेगळी रासायनिक रूपं (क्षार) स्वतंत्र मोजल्याने आकडा १७ होतो. आपल्याकडे घरात यांतलं सापडलंच, तर ते बहुधा ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा डायझेपाम; कॅन्सरचा रुग्ण असलेल्या घरात मॉर्फिन आणि पॅच.

ही औषधं पाण्यात चांगली, असं कुणाचंच म्हणणं नाही. हिशेब इतकाच, की यांची एखादी मात्रासुद्धा मुलाच्या हाती लागली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, आणि कचऱ्यातून ती व्यसनासाठीही उचलली जातात. नदीला होणारा थोडा त्रास पत्करून घरातला मोठा धोका टाळायचा. परत घेणारी जागा जवळ असेल, तर तिथे देणं केव्हाही चांगलं. मॉर्फिन ज्या रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागातून मिळालं, तिथे आधी विचारा. त्यांना त्याची नोंद ठेवावी लागते.

पॅचबद्दल जास्त सावध राहा. तीन दिवस लावून काढलेल्या फेंटानिलच्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं. काढल्याबरोबर चिकट बाजू आत येईल असा दुमडा, कडा दाबा, लगेच फ्लश करा आणि हात साबणाने धुवा. न वापरलेल्या पॅचचंही असंच. तो पलंगाच्या कडेला चिकटवून ठेवणं किंवा उघडा कचऱ्यात टाकणं अजिबात नको.

अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्या या यादीत नाहीत. त्या बरणी-मातीच्या पद्धतीने, पण त्याच दिवशी घराबाहेर. अँटिबायोटिक तर फ्लश करूच नका. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं औषधं काढून टाकण्यासाठी बांधलेली नसतात. आपल्या बहुसंख्य गावांत मैला सेप्टिक टाकीत जातो, तिथे तो कुजवणारे जिवाणूच अँटिबायोटिकने मरतात आणि उरलेले त्या औषधाला सरावतात.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर रक्तदाबाच्या, हृदयाच्या न उघडलेल्या पट्ट्या आणि इंजेक्शनं उरली आहेत. मुदत आहे, हजारो रुपयांची आहेत. दान करता येतील का? – वाचक, पुणे

उत्तर : भावना समजते, आणि हे उत्तर आवडणार नाही. औषधदानाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका स्पष्ट आहे. एकदा रुग्णाला दिलेलं औषध परत घेऊन दान करायचं नाही, आणि दान करायच्या औषधाला पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. घरात राहिलेल्या औषधाच्या साठवणुकीची खात्री कुणी देऊ शकत नाही. फ्रिजमधली इंजेक्शनं तर नाहीच नाही. फ्रिज एक रात्र बंद पडला होता की काय, किंवा बाटली मागच्या भिंतीला टेकून गोठली होती की काय, हे बाहेरून दिसत नाही. गोठून वितळलेलं इन्सुलिन कित्येकदा दिसायला जसंच्या तसं असतं.

काही धर्मादाय संस्था अखंड, मुदतीतल्या पट्ट्या घेतात. द्यायच्याच असतील, तर तिथे नोंदणीकृत फार्मासिस्ट प्रत्येक पट्टी तपासतो का आणि चिठ्ठीशिवाय औषध देत नाहीत ना, हे आधी पाहा. मंदिराबाहेरच्या पेटीत किंवा वस्तीतल्या शिबिरात नेऊन ठेवू नका. शेजारच्या काकांना ‘तुमचाही बीपीच आहे ना, घ्या’ म्हणून देणं हे तर दान नव्हेच. मात्रा वेगळी असते, मूत्रपिंडाची स्थिती वेगळी असते, आणि सोबत चालू असलेल्या दुसऱ्या औषधाशी तंटा होतो.

प्रश्न : आईला दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावं लागतं. सुया आम्ही कागदात गुंडाळून टाकतो, पण कचरा नेणाऱ्या ताईंना एकदा टोचली. योग्य पद्धत कोणती? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : कागद, पिशवी, पातळ पाण्याची बाटली, काहीही सुईला थोपवत नाही. फिनेलची किंवा कपडे धुण्याच्या द्रवाची जाड, अपारदर्शक बाटली घ्या. ती पलंगाजवळच, पण मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवा. टोचून झालं की सुई तिथल्या तिथे बाटलीत. वाकवायची नाही, कात्रीने तोडायची नाही. सिरिंजला सुई जोडलेलीच असेल, तर अख्खी सिरिंज आत टाका. पेनची सुई तिच्या मोठ्या बाहेरच्या टोपणात बसवून फिरवून काढा. बाटली तीन चतुर्थांश भरली की थांबा. शेवटची सुई ठोसून बसवतानाच टोचते. बूच घट्ट, त्यावर चिकटपट्टी, बाहेर ठळक अक्षरांत ‘सुया’. मग घातक कचऱ्याच्या केंद्रात, किंवा ज्या दवाखान्यात आईंचे उपचार चालू आहेत तिथे विचारून. दवाखान्यांना सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जमवून प्रक्रिया केंद्राकडे पाठवणं बंधनकारक आहे. घरची बाटली घेणं बंधनकारक नाही, पण अनेक जण घेतात.

टोचलेल्या ताईंना सांगा : जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, पिळायची नाही, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. जितकं लवकर तितकं बरं.

उरलेल्या सिरिंज तपासताना टोपणाचा रंग पाहा. आपल्याकडच्या बाटल्या बहुधा प्रति मिलिलिटर ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची असते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाली. ४०च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने ‘२०’च्या रेघेपर्यंत ओढलं, तर पोटात जातात फक्त ८ युनिट. उलट, १००च्या बाटलीला लाल सिरिंज लावली तर अडीचपट डोस जातो आणि साखर धोकादायक खाली येते. घरात चालू बाटलीशी जुळणारा एकच प्रकार ठेवा. दुसरा न वापरलेला असला तरी काढून टाका.

प्रश्न : गावात घंटागाडी येत नाही. सगळे कचरा पेटवतात, आम्हीही औषधं त्यातच टाकतो. दुसरा मार्ग काय? – शेतकरी कुटुंब, मोहोळ

उत्तर : गोळ्यांची पट्टी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आणि बहुधा पीव्हीसी प्लास्टिक. उकिरड्याच्या मंद आगीत पीव्हीसीचा धूर क्लोरीनयुक्त आणि झोंबणारा होतो, त्यात डायॉक्सिन ही विषारी द्रव्यंही तयार होतात. रुग्णालयांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमान राखावं लागतं, तेव्हा कुठे ते आटोक्यात राहतं. चुलीत किंवा उकिरड्यात तसं होत नाही. आणि फवारा किंवा इनहेलर आगीत गेला, तर तो फुटतो.

तुमच्यासाठी पहिला मार्ग : बरणी भरून ठेवा आणि वर्षातून एकदा तालुक्याला जाताना नगरपरिषदेच्या केंद्रात किंवा विचारून प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. तेही शक्य नसेल, तर औषधं सिमेंटमध्ये कोंडता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपत्तीच्या काळासाठी हीच पद्धत पिंपांच्या प्रमाणात सांगितली आहे : पिंप ७५ टक्के औषधांनी भरायचं आणि उरलेल्या जागेत सिमेंट किंवा सिमेंट-चुन्याचं मिश्रण ओतायचं. घरी एक लिटरच्या प्लास्टिक बरणीत पाऊण भागापर्यंत पट्टीतून काढलेल्या गोळ्या टाका. मग सिमेंट आणि बारीक वाळू यांचं ओतण्याजोगं पातळ मिश्रण हळूहळू ओता. मध्येच बरणी आपटा, म्हणजे ते खालपर्यंत जाईल. न विझवलेला चुना वापरू नका; पाणी लागताच तो तापतो. दोन दिवसांत दगड होतो. विहीर, बोअर, ओढा यांच्यापासून लांब, पावसात पाणी साचत नाही अशा उंच जागी तो पुरा. सिरप आणि फवारे यांत घालायचे नाहीत.

प्रश्न : उरलेल्या दुखीच्या गोळ्या गाय लंगडत असेल तेव्हा कुटून देतो. चालतं का? – वाचक, म्हसळा

उत्तर : नाही, आणि म्हसळ्यात तर मुळीच नाही. तुमच्या भागात गिधाडांची घरटी आहेत. डायक्लोफिनॅक हे दुखीचं औषध दिलेलं जनावर काही दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. हे २००४मध्ये सिद्ध झालं. त्याआधीच्या दशकात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली होती. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६पासून बंद आहे. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५मध्ये माणसांच्या इंजेक्शनचीही ३ मिलिलिटरपेक्षा मोठी कुपी बंद केली. अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवर जनावरांसाठी २०२३मध्ये बंदी आली. अ‍ॅसिक्लोफिनॅक शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, आणि घरातल्या ‘दुखीच्या गोळी’त अ‍ॅसिक्लोफिनॅक अनेकदा असतं. गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम पशुवैद्यक देतात. दुभत्या गायीला उरलेलं अँटिबायोटिक दिलंत, तर ते दुधात उतरतं.

प्रश्न : डबा आवरताना दोन वर्षांच्या नातवाने लाल गोळ्या चॉकलेट समजून तोंडात टाकल्या. सुदैवाने थुंकल्या. अशा वेळी काय करावं? – आजी, चिपळूण

उत्तर : लाल साखरी आवरणाच्या गोळ्या बहुधा लोहाच्या असतात. गरोदरपणात मिळालेल्या आणि न संपलेल्या पट्ट्या घरोघरी पडून असतात. लहान मुलाला लोहाचा जादा डोस जीवघेणा ठरू शकतो. त्यात फसवी गोष्ट अशी, की सुरुवातीच्या उलट्या-जुलाबांनंतर मूल काही तास बरं दिसतं आणि मग ढासळतं. तोंडातल्या गोळ्या बोटाने काढा. मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोट घालून उलटी करवू नका. पट्टी आणि उरलेल्या गोळ्या सोबत घ्या, किती गेल्या असतील याचा जास्तीत जास्त अंदाज धरा आणि मूल हसत असलं तरी रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर १०८. रक्तदाब, मधुमेह, हृदय आणि झोप यांच्या गोळ्यांबाबतही हेच.

थोडक्यात

कॅन्सरच्या तोंडी गोळ्या (छत्रपती संभाजीनगर) : बरणीत, फ्लशमध्ये, मातीत कुठेही नाही. मूळ वेष्टनात, दुहेरी पिशवीत, ज्या रुग्णालयातून घेतल्या तिथेच परत. अशी औषधं १२०० अंशांच्या वर जाळावी लागतात. फुटलेली गोळी हातमोज्याशिवाय उचलू नका, गरोदर बाईने तर अजिबात नाही. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घेतात ते मेथोट्रेक्सेट याच गटातलं आहे, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं.

फुटलेला थर्मामीटर (ठाणे) : झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, त्याने पारा पसरतो. खिडक्या उघडा, पंखा बंद करा, अंगठी-बांगड्या काढा. पोस्टकार्डासारख्या दोन जाड कागदांनी थेंब एकत्र ढकला, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत. औषधांमध्ये मिसळू नका, वेगळं द्या.

इनहेलर (धुळे) : रिकामा वाटला तरी आत दाब असतो. छिद्र पाडू नका, भंगारात देऊ नका. तिथे ठोकून चपटा करतात. डबी प्लास्टिकमधून काढून घातक कचऱ्यात, प्लास्टिक सुक्यात.

आयुर्वेदिक औषधं (रत्नागिरी) : त्रिफळ्यासारखं साधं वनस्पतींचं चूर्ण ओल्या कचऱ्यात चालतं. भस्मं आणि रसौषधी यांत पारा, शिसं असे धातू असू शकतात. ती ‘नैसर्गिक आहे’ म्हणून तुळशीच्या कुंडीत किंवा परसातल्या भाजीच्या वाफ्यात टाकू नका. घातक कचऱ्यात द्या.

परदेशात आई-वडिलांनी नेलेली भारतीय औषधं (न्यू जर्सी) : अमेरिकेत अनेक मोठ्या औषध दुकानांत आणि काही पोलीस ठाण्यांत परतीच्या पेट्या असतात. शिवाय एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये देशभर औषधं परत घेण्याचा दिवस असतो. गोळ्या परदेशी असल्या तरी पेटीत टाकता येतात. सुया आणि पारा घेत नाहीत, इनहेलर बहुधा नाही. ब्रिटनमध्ये कोणत्याही फार्मसीच्या काउंटरवर द्या, तिथे उरलेली औषधं परत घेतात.